बर्फाच्या सुट्टीतली पिशवी

प्रिय वीट्स्के,

आठ वर्षांनी हिड्डेकाकाला पत्र लिहायची बुद्धी झाली, असं म्हणशील. म्हण. आईचे गुडघे कसे आहेत? तू शिकवतेस त्या शाळेतली पोरं तुला छळतात की तू त्यांना? आपल्या प्रयोगशाळेतली दहा वाजताची कॉफी अजून तशीच पाणचट आहे, आणि मी शुक्रवारी निवृत्त होतोय.

गेल्या आठवड्यात कालवा गोठला आणि तुझी आठवण झाली. चवळीच्या पानांवर डाग पाडणारा तो विषाणू, त्याची नुसती प्रथिनं साध्या पाण्यात सुटी करायची, मग आम्ल चढवलं की ती आपणहून एकमेकांना धरून पोकळ गोळे होतात. त्या गोळ्यांत औषध भरायचं, हे तुझं स्वप्न. दर वेळी मात्र गुठळ्याच. फक्त एकदा, त्या फेब्रुवारीत, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली काढलेल्या चित्रात सगळे गोळे एका मापाचे दिसले, सोललेल्या वाटाण्यांसारखे. तू माझ्या गळ्यात पडून रडलीस.

पुढं वर्षभर ते पुन्हा जमलं नाही. प्रयोगाच्या वहीत होतं तसंच तू एकोणीस वेळा केलंस. शेवटी प्रयोगशाळेच्या प्रमुख फेडेमाबाईंनी सगळ्यांसमोर विचारलं, “वीट्स्के, ते चित्र तू आणलंस कुठून?” मी शेजारी बाटल्या विसळत होतो. विसळतच राहिलो. महिन्याभरात तू संशोधन सोडून गेलीस.

आता ऐक. ते गोळे जमले त्या वेळी तू तापानं घरी होतीस. प्रथिनं भरलेली, पाणी आत झिरपू देणारी ती पातळ पिशवी दुपारी बाराला एकदम आम्लाच्या पाण्यात हलवायचं काम माझं होतं. पण कित्येक वर्षांनी बर्फ धरला होता, सगळं गाव स्केट्स बांधून कालव्यावर होतं. मीही गेलो, दोन दिवस. मधेच येऊन, अपराधी मनानं, पिशवीभोवतीच्या पाण्यात थोडं थोडं आम्ल ओतायचो. वहीत मात्र लिहिलं, ‘बारा वाजता, एकदम’. तुला गुठळ्या मिळू लागल्या तेव्हा मला शंका आली होती. नोकरी जाईल या भीतीनं मी ती गिळली.

या वेळी मी कालव्यावर गेलो नाही. दोन दिवस बसून तीन पिशव्यांत हळूहळू आम्ल चढवलं. तिन्हींत गोळे झाले, वीट्स्के, सगळे एका मापाचे. वहीतलं ते पान मी खोडून खरं लिहिलंय, खाली सही केलीय. शुक्रवारी निघताना ती वही फेडेमाबाईंच्या टेबलावर ठेवणार. त्याआधी तुला माझ्याकडून कळायला हवं होतं. तुझं चित्र खरं होतं. माफी मागायला मला तोंड नाही, तरी मागतो.

तुझाच,
हिड्डेकाका