मोटारसायकलीची अडलेली मूठ

ति. ताईस,

साष्टांग नमस्कार. (खरोखरचा साष्टांग आहे बरं का. परवा मोटारसायकलखाली हरवलेला नट शोधताना आठही अंगं जमिनीला लागलीच होती, म्हटलं तेवढ्यात तुझाही नमस्कार उरकून घ्यावा.) तुझी कंबर कशी आहे? भाऊजींचं पहाटेचं फिरणं सुरू झालं, की अजून बूटच पसंत पडत नाहीयेत? इकडे आई ठणठणीत आहे. मीही आहे, आणि तेवढं लिहायला उरलोय हेच पुष्कळ समज.

त्याचं असं झालं. आमच्या हेडक्लार्कांना मी सकाळी मागे बसवून कचेरीत नेतो, हे तुला ठाऊक आहेच (पाय दुखतात त्यांचे, जीभ मात्र वाटभर पळत असते). त्या दिवशी फाटकातून आत वळलो, मूठ सोडली, तर गाडी हळू व्हायचं नावच घेईना. मूठ जिथे पिळली तिथेच चिकटून बसलेली! ब्रेक आणि क्लच दोन्ही दाबले तर इंजिन किंचाळायला लागलं. घाबरून दोन्ही सोडले, आणि कचेरीसमोरच्या फुलांच्या वाफ्याभोवती आमची वरात सुरू झाली. वॉचमन शिस्तीचा माणूस, दर फेरीला उठून सलाम ठोकत होता. अशा वेळी किल्ली बंद करायची असते, हे मला काही आठवलं नाही. हेडक्लार्कांना आठवलं, आणि त्यांनीच मागून हात घालून ती फिरवली. तेव्हापासून ते पायी येतात आणि पाय दुखतात असं एकदाही म्हणत नाहीत.

गॅरेजवाल्यानं गाडीकडे न बघताच सांगितलं, मुठीपासून इंजिनापर्यंत जाणारी वायर गेली. नवी घातली, तरी मूठ अडकायची ती अडकलीच. मग माझं डोकं फिरलं. बाबांची हत्यारांची पेटी माळ्यावरून काढली, गाडी अंगणात घेतली, उघडली, आणि बसनं जायला लागलो. आता तुला वायरीचं शास्त्र सांगतो, नीट ऐक, तुझ्या स्कूटरलाही उपयोगी पडेल. वायर बाहेरून धडधाकट दिसते, पण आतली तार कोरडी पडली किंवा तिचा एखादा धागा तुटून उभा राहिला, की ती आत घासते. म्हणून वायर काढून कपडे वाळत घालायच्या दोरीला उभी टांगायची, वरच्या तोंडाशी कागदाचं नरसाळं बांधायचं आणि खालून स्वच्छ तेल येईपर्यंत पातळ तेल थेंब थेंब सोडत बसायचं. घाई केली तर ते बाहेरूनच ओघळतं. (मी केली. आईच्या पांढऱ्या चादरीला विचार.) ग्रीस कोंबायचं नाही, धूळ धरतं. (तेही करून झालं.) परत बसवताना वायरीला ताण पडता कामा नये, नाहीतर हँडल वळवलं की गाडीला आपोआप चेव येतो. मी ती टाकीखालून अशी घट्ट नेली होती की डावीकडे वळवलं की गाडी डरकाळी फोडायची. मग आई एका हातात उजेडासाठी बॅटरी धरून दुसऱ्या हातानं हँडल वळवायची, आणि मी खाली डोकं घालून वायर कुठे ओढली जाते ते बघायचो. शेवटी वायर लोण्यासारखी चालायला लागली. मूठ अडकतच राहिली.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, ते माझ्यासारख्यांसाठीच. माझे हात गारठतात म्हणून आईनं मुठीवर लोकरीचं कव्हर विणून चढवलंय. जाडजूड, निळं, आणि कडेला झालर. ती झालर मूठ आणि बटणं यांच्यामधल्या फटीत शिरते आणि मुठीला धरून ठेवते. एकदा आई अंघोळीला गेली असताना मी कव्हर काढलं, मूठ पिळून सोडली, तर टप्पकन जागेवर! परत चढवलं, परत अडकली. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, अशी गत झाली माझ्या मेहनतीची.

पण सांगायचं कसं? बाबा गेल्यापासून आईनं सुया हातात धरल्या नव्हत्या. तू स्वेटरसाठी एवढी मागे लागलीस, तरी नाही. आता आपण होऊन विणलंय, तर 'आई, तुझ्या कव्हरापायी जीव जायची वेळ आली होती' असं कोणत्या तोंडानं म्हणू? तिचा उतरलेला चेहरा मला बघवणार नाही गं. म्हणून मी रोज कोपऱ्यापर्यंत गाडी ढकलत नेतो (आईला वाटतं, पेट्रोल वाचवतोय), तिथे कव्हर काढून डब्याच्या पिशवीत घालतो, आणि संध्याकाळी तिथेच पुन्हा चढवतो. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. तेवढ्यावर भागलं असतं, पण काल तिनं जाहीर केलं की पुढचं कव्हर ब्रेकच्या दांडीला! मूठ अडकली तर किल्ली आहे, ब्रेक अडकला तर मी काय करू?

भाऊजींना नमस्कार. (बूट घेतलेच तर बिननाडीचे घ्या म्हणावं, वाकायला नको.)

तुझा धाकटा

ता. क. : खरं काम एवढंच, की तू आईला पत्र घाल, आणि मुठीवर कव्हर घालणं धोक्याचं असतं असं भाऊजींनी कुठेसं वाचलं, म्हणून सहज लिहून टाक. तुझं ती ऐकते. माझं नाव येऊ देऊ नकोस. एरवी शेवटी आईच्या दोन ओळींना जागा ठेवतो, ती या वेळी मुद्दामच ठेवलेली नाही.

बाळा, जागा नाही म्हणून मागच्या बाजूला लिहितेय. पाकीट चिकटवायला या शहाण्यानं डिंक माझ्याकडेच मागितला, आणि पाकीट माझ्यापुढे ठेवून अंघोळीला गेला. झालर फटीत अडकते हे मला तो गाडी उघडून बसला तेव्हाच दिसलं होतं. पण तो बसनं जात होता, जिवाला घोर नव्हता. आणि घरात सारखं 'आई, बॅटरी धर', 'आई, हँडल वळव' चाललं होतं. तुझे बाबा गेल्यापासून 'तू बस, दमशील' याखेरीज मला कुणी काही सांगत नव्हतं गं. मला फार बरं वाटलं, म्हणून गप्प राहिले. कोपऱ्यावर कव्हर काढतो ते भाजीवाली मला रोज सांगते, नाहीतर मीच कात्री लावली असती. ब्रेकला मी काही विणत नाहीये, म्हटलं त्या भीतीनं तरी तोंड उघडेल, तर यानं तुला पत्र लिहिलं. कव्हर आज उसवून टाकते, तू काही लिहू नकोस. क्लचची वायर जरा जड लागतेय असं मी त्याला सकाळीच सुचवलंय. रविवारी उघडतो म्हणाला.