गाठ कशाची होती

आई, आज सणवार काही नाही, तुझी तिथीही नाही. लेकीला फोन करायचाय, दुपारच्या आत करते म्हणाले होते, आणि तिला काय सांगावं ते माझं मलाच ठरेना. म्हणून म्हटलं आधी तुला विचारावं. तू गेलीस तेव्हा जेवढी होतीस त्याच्या दुपटीहून मी आता म्हातारी झालेय. दोघी शेजारी उभ्या राहिलो तर लोक मलाच तुझी आई समजतील. मास्तरीणकी करून माझी भाषा सुधारली म्हणतात, पण तुझ्याशी बोलायला लागले की परतूरची पोरगी होते बघ. तर विचारायचं ते असं. मी रोज सकाळी चहाबरोबर एक गोळी घेते. लक्ष लागण्याची गोळी. कितीतरी वर्षं घेते. आता डॉक्टर म्हणतात, आजी, नाडी चुकायला लागलीय, दाब वाढलाय, हळूहळू कमी करत बंद केलेली बरी. चालूच ठेवायची म्हणाल तर जोखीम तुमची, विचार करून सांगा. आणि लेक म्हणते, गोळी बंद करणार असशील तर जालन्याचं घर बंद कर आणि पुण्याला ये, तुला गॅसपाशी एकटीला मी ठेवणार नाही. म्हणजे गोळी ठेवली तर जिवाला घोर, आणि सोडली तर घर सुटतं. सांग आता.

तुला वाटेल, लक्ष लागायला गोळी कशाला लागते? एडीएचडी म्हणतात त्याला. आपल्याकडं नुसतं ‘हिचं ध्यान न्हाई’ म्हणायचे, तेच ते. तुझं स्वयंपाकघर आठव म्हणजे कळेल. सकाळची वेळ आहे. बाजाराच्या मागची आपली खोली, चुलीत पळकाट्या तडतडतायत, बाहेर कापसाच्या गाड्यांची चाकं कुरकुरतायत. तू भाकरी थापतेस आणि मला म्हणतेस, ‘दुधाकडं बघ गं जरा.’ मी बघते ना! अगदी डोळे लावून बघते. दुधावर साय धरते, सायीला सुरकुत्या पडतात, त्या सुरकुत्यांत मला नदी दिसते, नदीकाठी माणसं दिसतात, त्यातली एक बाई धुणं धुऊन राह्यलेली. तिचं लुगडं कोणत्या रंगाचं ते मी बघत असते तोवर सगळं दूध चुलीत. तुझा धपाटा पाठीत बसतो आणि तू विचारतेस, ‘कुठं गेल्तीस गं?’ मी म्हणते, ‘इथंच होते की.’ ‘बिलकुल न्हवतीस इथं. डोळे इथं होते तुझे.’ जळक्या दुधाचा वास दिवसभर खोलीत राहतो आणि मी दिवसभर रडवेली असते, कारण मला खरंच वाटत असतं की मी इथंच होते.

मंग तू गाठीचा उपाय काढलास. स्वतःच्या पदराला तू मारायचीसच, आता माझ्या परकराच्या काठालाही मारायला लागलीस. दुकानात जायचं, गाठीला हात लावायचा, आणायची गोष्ट आठवायची. पोलीस ॲक्शन होऊन गेलेली, शाळेत उर्दूच्या जागी मराठी आलेली, पण कोपऱ्यावरचे किराणावाले चाचा त्यांच्याच बोलीत बोलत. मी फळीला हनुवटी टेकवून उभी, हातात गाठ घट्ट धरलेली, आणि डोक्यात काही म्हणजे काही नाही. चाचा वाकून गाठ बघायचे आणि म्हणायचे, ‘बेटी, गाँठ तो बराबर है. बात क्या है?’ बात कुठली माहीत असायला! मंग चाचाच ऊन कुठवर आलंय ते बघून अंदाज करायचे. सकाळ असली तर गूळ, दिवेलागण असली तर काड्याची पेटी. बऱ्याचदा त्यांचा अंदाज बरोबर निघायचा, आणि तुला वाटायचं गाठीनं काम केलं.

पुढं मोठी झाले, शिकले, शाळेत शिकवायला लागले, लग्न झालं, संसार केला. लांबून बघणाऱ्याला सगळं ठीकच दिसलं असेल. आत काय होतं ते मलाच ठाऊक. तपासायचे पेपर मी पिठाच्या डब्यात ठेवले आणि घरभर शोधले. लेकीला बसस्टँडवर बाकड्यावर बसवून पुढच्या गल्लीपर्यंत एकटीच चालत गेले. लोक हसायचे, हे हसायचे, मीही हसायची, आणि न्हाणीघरात जाऊन स्वतःला चिमटे काढायची. मला वाटायचं मी आळशी आहे, बेपर्वा आहे. मग नातीला शाळेत त्रास व्हायला लागला म्हणून लेक तिला पुण्याच्या डॉक्टरकडं घेऊन गेली, सोबतीला मी. डॉक्टर लेकीला विचारतात, ‘समोरचं माणूस बोलत असताना मन भलतीकडं जातं का?’ मी म्हणाले, ‘जातं.’ ‘एक काम अर्धं टाकून दुसरं हातात घेते?’ म्हटलं, ‘रोज.’ लेक म्हणाली, ‘आई, तुला नाही विचारत ते!’ डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, ‘आजी, आधी तुम्हीच बसा.’

गोळी सुरू झाली त्या सकाळी मी दूध तापत ठेवलं आणि बघत उभी राहिले. साय धरली, कडेनं फुगली, वर आली, आणि मी गॅस बंद केला. बस, एवढंच. डोक्यात जन्मभर चालू असलेला रेडिओ कुणीतरी बंद करावा तशी शांतता. मी ओट्याला टेकून हमसून हमसून रडले गं. एवढं सोपं असतं होय? बाकीच्या बायकांना हे रोज असंच, काही न करता मिळत होतं? त्या गोळीनं माझं भलं केलं, हे कुणीही ऐकू दे. तोंडाला कोरड पडायची, अन्नावरची वासना गेली, चोळ्या सैल झाल्या, पण हातातली कामं हातावेगळी व्हायला लागली. नोकरीची शेवटची काही वर्षं मी चांगलं शिकवलं. फक्त एक झालं. त्या सायीत नदी दिसायची बंद झाली, आणि तूही यायची बंद झालीस. आधी भांडी घासता घासता अचानक तुझी चूल दिसायची, तुझ्या बांगड्या वाजायच्या. गोळीनंतर भांडी म्हणजे नुसती भांडी. डॉक्टरांना हे काय सांगणार? म्हणणार काय, की आई भेटत नाही?

डॉक्टरांनी बघायला म्हणून गेल्या आठवड्यापासून गोळी अर्धी केलीय, आणि राजूर आठवून राह्यलंय सारखं. आत्यानं तुझ्या मागं टुमणं लावलं होतं, पोरीचं मन लागत न्हाई, राजूरच्या गणपतीला नवस बोल. आपण परतूरहून गाडीनं जालन्याला आत्याकडं आलो, आणि आत्या नेमकी त्याच दिवशी बाजूला बसलेली, म्हणून मोटारीनं राजूरला आपण दोघीच. आत्यानं लांबूनच बजावलं, ‘सुपारी पदरात बांध, देवापुढं गाठ सोड आणि नवस बोल. बाकी कुठं बघत बसू नको.’ तू पक्की गाठ मारलीस. देवळाबाहेर कासार बसला होता, एका नव्या नवरीला चुडा भरत होता. तिचा हात जरा जाडसर, बांगडी जाता जाईना, ती ओठ चावून राह्यलेली, कासार तिला बोलण्यात गुंतवत अलगद बांगडी सरकवत होता. तू बघत उभी राहिलीस, मी तुझ्या कडेला उभी. किती वेळ गेला देव जाणे. मंग दर्शन घेतलं, हात जोडले, प्रसाद घेतला, मोटारीत बसलो. मोटार धुरळा उडवत निघाली तेव्हा तुझा हात पदराकडं गेला. तू एकदम ताठ झालीस. ‘अगं माय! नवस बोलायचाच राह्यला की!’

आणि हसायला लागलीस. शेजारच्या बायका बघायला लागल्या, तरी तुझं हसू थांबेना. डोळ्यांतून पाणी, पदर तोंडात कोंबलेला, त्याच पदराला ती गाठ. मला जवळ ओढून कानात म्हणालीस, ‘पोरीचं ध्यान लागू दे म्हणायला आल्ते, अन् माझंच लागलं न्हाई. दोघी एका माळेचे मणी बघ आपण. आत्याला सांगू नको.’ मी सांगितलं नाही. तू पुन्हा कधी राजूरला गेली नाहीस, आणि पुन्हा मला धपाटाही घातला नाहीस. दूध उतू गेलं की नुसतं विचारायचीस, ‘कुठं गेल्तीस?’ आणि मी सांगायची, नदीवर. तू म्हणायचीस, ‘मंग पाणी तरी घेऊन यायचं.’

तू तापानं गेलीस तेव्हा मी वरच्या वर्गात होते. बायकांनी आंघोळ घालताना तुझ्या पदराची गाठ सोडली तर आत सुपारी. कुणी म्हणालं खायला ठेवली असेल. आत्या म्हणाली, सुपारी कधी खात न्हवती ती. सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. ती सुपारी राजूरचीच होती का दुसरी कसली, ते मला आजही माहीत नाही. पण एक आहे: तो नवस तू जाणूनबुजून टाळलास असं समजायला मला आवडतं.

फोन वाजला बघ. लेकच होती. दुपार कधीच टळून गेली होती म्हणे. ‘आई, फोन करणार होतीस ना? किती वेळ वाट बघितली. कुठं गेली होतीस?’

मी म्हणाले, ‘माहेरी गेल्ते गं.’

ती म्हणाली, ‘काय ठरलं?’ मी म्हटलं, ‘गोळी बंद करते. घर बंद करत नाही.’ ‘आणि गॅस?’ ‘पदराला गाठ मारीन.’ ती रागावली, बरंच बोलली, मध्येच तिला हसू आलं आणि मग रडू आलं. येत्या रविवारी येते म्हणाली, आपण दोघी मिळून बघू म्हणाली.

तिला सांगितलं नाही ते तुला सांगते. मला भीती वाटून राह्यली आई, खूप भीती. आत्ताच दूध तापत ठेवून आलेय आणि पदराला गाठ मारलीय. कशाची, ते आत्ता तरी आठवतंय.