हिनाने म्हटलेली प्रार्थना

आदरणीय मुख्याध्यापक सर,

हे पत्र तुमच्या हातात द्यायची हिंमत माझ्यात नाही, तरी लिहितेय.

माझी लेक रीमा डेंग्यूने गेली, तेव्हापासून प्रार्थनेतली ‘देवा, तूच लेकरांना सांभाळतोस’ ही ओळ माझ्या तोंडातून निघत नाही. मी तुम्हाला तसं सांगितलं होतं. तुम्ही मायेनेच म्हणालात, “मॅडम, देवाचं नाव घ्या, मन शांत होईल,” आणि परिपाठाचा माइक माझ्याकडेच दिलात.

माझ्या वर्गातल्या हिनाचे वडीलही तुमच्याकडे आले होते. “साब, प्रार्थना में बच्ची चुप खड़ी रहेगी, चलेगा ना?” तुम्ही नाही म्हणालात. शाळा महापालिकेची आहे, सगळ्यांची आहे, हे मी तेव्हा बोलायला हवं होतं. नाही बोलले. हिना मात्र रोज नुसते ओठ हलवून गप्पच राहायची.

आज त्या ओळीला माझा आवाज बंद पडला. तुम्ही रागाने माझ्याकडे यायला निघालात. तेवढ्यात पहिल्या रांगेतून हिनाने हात जोडून मोठ्याने ती ओळ म्हटली आणि तिच्यामागून सगळी शाळा म्हणू लागली. तुम्ही खूश होऊन तिची पाठ थोपटलीत.

वर्गात ती हळूच माझ्याजवळ आली. “टीचर, सर तुम्हाला ओरडले असते ना, म्हणून मी म्हटलं. अब्बूंना नका सांगू.”

सर, आता उद्यापासून ती गप्प कशी राहणार? स्वतःच्या पोरीला मी वाचवू शकले नाही. या पोरीसाठी कोणापुढे हात जोडू, तेवढं सांगा.

तुमच्याच शाळेतली,
शकुंतला
नवघर, भाईंदर पूर्व