मे महिन्यातल्या दोन वह्या

सुपीरियर, विस्कॉन्सिन
मंगळवार, ९ ऑगस्ट २००५

प्रिय रेइनो,

हॉटेलातली कॉफी म्हणजे भांडी विसळलेलं पाणी, असं रविवारी फोनवर म्हणालास, तेव्हाच ओळखलं की स्वारी खुशीत आहे. खुशीत असलास की तू नावं ठेवतोस. इकडे सगळं ठीक. रानातली ब्लूबेरी यंदा भरपूर आली, दोन डबे तुझ्यासाठी फ्रीझरमध्ये टाकलेत. तुझं तळघर झाडून घेतलं, अंथरूण उन्हात घातलं.

गॉर्डनचं नेहमीचंच. "मेहुणे आता रेडिओवर आणखी तीन गावांत बडबडणार म्हणे! एका गावाचे कान किटले ते कमी होतं का?" असं म्हणत तो दिवसभर आपला उजव्या विचारांचा रेडिओ लावून बसतो. पण तुमच्या केंद्राच्या श्रोत्यांचे आकडे पेपरात आले तेव्हा कात्रण त्यानेच कापून ठेवलं. हिवाळ्यात शंभरात एक श्रोताही नव्हता, आता अडीच. पुरोगामी गप्पा इथे कोण ऐकणार, असं म्हणणाऱ्यांची तोंडं बंद झाली. मालकांनी तुला मिनियापोलिसला बोलावलं ते त्या अडीचवरच ना?

त्या अडीचबद्दलच लिहायचंय. शेवटपर्यंत वाच.

मे महिन्यात श्रोते मोजणाऱ्या कंपनीचा फोन आला होता. आठवडाभर काय ऐकलं ते वहीत लिहाल का? घरात मोठी माणसं किती? कोणी रेडिओवर कामाला आहे का? "आम्ही दोघंच," मी म्हणाले. "रेडिओवर कुणी नाही." तू तेव्हा खाली तळघरात झोपला होतास. रेडिओवाल्याच्या घरात वही जाता कामा नये, हा नियम तूच एकदा जेवताना सांगितला होतास. मला ठाऊक होता, रेइनो.

दोन वह्या आल्या. माझ्या वहीत रोज दुपारी तीन ते सात तुझा कार्यक्रम लिहिला. ते खरंच होतं, तेवढं मी ऐकतेच. मग गॉर्डनची वही घेतली आणि त्याच्या नावावरही तेच लिहिलं, गुरुवार ते बुधवार, एकही दिवस न चुकवता. त्याला पत्ताही नव्हता. आपल्या एवढ्याशा शहरात एकेक वही शेकडो माणसांच्या वतीने बोलते, हेही तुझ्याकडूनच शिकले.

का केलं? माया म्हणून केलं असं लिहिणार होते, पण ते खरं नाही. मी घाबरले होते. फेब्रुवारीत केंद्र बंद होणार अशी आवई उठली, त्याच आठवड्यातली ती दुपार. जगायचंच नाही असं ठरवून तू गॅरेजमध्ये बसला होतास, आणि मी बटाटे घ्यायला आले म्हणून दार उघडलं गेलं. मग आपण स्वयंपाकघरात बसून कॉफी प्यायलो आणि त्यावर एक शब्द बोललो नाही. मी गॉर्डनलाही सांगितलं नाही. तेव्हापासून तुमच्या केंद्राचे आकडे मी आजाऱ्याचा ताप बघावा तसे बघते.

आज सकाळी त्या कंपनीतून पुन्हा फोन आला. दोन वह्या अगदी सारख्या कशा, म्हणून तपासणी. नेमका गॉर्डनने उचलला.

"मी? रेइनो साल्मेलाचा कार्यक्रम? रोज?" असं म्हणत त्याने माझ्याकडे बघितलं. माझ्या चेहऱ्यावरून त्याने ओळखलं आणि म्हणाला, "हो, ऐकतो ना. न चुकता ऐकतो."

परवान्याशिवाय एक मासा न धरणारा हा माणूस. ते मला बघवलं नाही. मी त्याच्या हातून फोन घेतला आणि तिकडच्या बाईंना सगळं सांगितलं, तू इथेच राहतोस तेही. पोरगेला आवाज होता. "मला हे वर कळवावंच लागेल हो," म्हणाली बिचारी. आमच्या वह्या रद्द होतील, आकडे पुन्हा काढतील आणि तुझ्या मालकांना कळवतील. अडीचमधले किती उरतील, तुझं काम राहील की नाही, मला ठाऊक नाही. सोबत वेगळा कागद आहे, तुला यातलं काही माहीत नव्हतं असं मी सही करून लिहिलंय. उद्या मालकांपुढे तोच आधी ठेव.

फोन ठेवल्यावर गॉर्डनला फेब्रुवारीचंही सांगितलं. त्याने रेडिओ बंद केला आणि जाकीट चढवलं.

फोनवर कळवलं असतं तर तू "बरं" म्हणून ठेवून दिला असतास, आणि मग त्या खोलीत तू एकटा. म्हणून हे पत्र तोच घेऊन येतोय. तू वाचत असशील तेव्हा तो समोरच्या खुर्चीत बसलेला असेल. मला शिव्या दे, जन्मभर बोलू नकोस, पण त्याला जा म्हणू नकोस. म्हणालास तरी तो जायचा नाही. तुला सोबत घेतल्याशिवाय परतणार नाही, असं सांगून निघतोय.

तू दारात दिसेपर्यंत जिवात जीव नसलेली,
तुझी बहीण आयली