दोन-सहा

३ जाने.
बाविसावी कादंबरी हातावेगळी केली. खरा खर्च लिहून ठेवतो: मान धरली, चष्मा बदलला, आणि सुमन घरी नाही. लेकीच्या बाळंतपणाला पुण्याला गेली ती तिकडचीच झाली. बाळ रांगायला लागलं.
प्रकाशक फोनवर, "सर, शेवटाला मीसुद्धा रडलो."
शेवटी नायिका परत येते. लिहायला काय जातंय.

५ जाने.
सु.ला फोन. "कधी येतीस?"
"कावून? तुमच्या पुस्तकातल्या बाया वाढंनात का जेवायला?"
हसली. मग, "बाळ उठलं," म्हणून ठेवला. बाळाचा आवाज काही आला नाही. कान आहेत मला.
दारातून कुणी "ऐकलं का" म्हणत नाही. लई शांत. शांतताच पाहिजे होती ना बे लिहायला? लिही आता.

११ जाने.
दिंद्रुडला सत्कार. गर्दी बायकांचीच. बोललो: आष्टीच्या बाजारात बांगड्या भरता भरता कादंबरी शिकलो. अजूनही हात न धरता, नुसत्या आवाजावरून बाईच्या बांगडीचं माप सांगतो.
एक म्हातारी उठली, "मग माजं सांग की!"
"मावशी, दोन-चार."
"बरूबर हाय की रं मेल्या!"
टाळ्या थांबेनात. घरी आलो. शाल खुर्चीवर टाकली. कुणाला दाखवायची...

१२ जाने.
चौसाळ्यात सु.साठी संक्रांतीच्या बांगड्या घेतल्या. हिरव्या, काचेच्या.
दुकानदार, "माप?"
"दोन-सहा." चटकन सांगितलं.
सोबत चिठ्ठी लिहायला बसलो. नायकांची एवढी पत्रं लिहिली, स्वतःचं एक जमेना. शेवटी एवढंच: 'घालून बघ. वाट बघतोय.' दुसरं वाक्य खोडलं. परत लिहिलं. पुण्याच्या ट्रॅव्हल्सवाल्याकडं पुडकं दिलं.

१४ जाने.
संक्रांत. शेजारणीनं तिळगूळ आणून दिला. पुण्याहून फोन नाही. मीही केला नाही.

१५ जाने.
लेकीचा फोन. "बाबा, आईनं बांगड्या घालून बघितल्या."
"मग?"
मागून सु.चा आवाज, "सांग त्यान्ला, बदलायच्या असतील तर सोता या म्हणावं."
"नुसतं बदलायला, का न्यायला? इचार तिला."
मग लेक म्हणाली, "बाबा, ती आत गेली."
बॅग काढून ठेवली. भरली नाही अजून.
सु.चं माप दोन-आठ. लेक शाळेत होती तेव्हापासून. दुकानात विसरलो नव्हतो.