पित्त मोजून घेतल्याबद्दल

नाशिक,
ऑगस्ट २००६

ती. सौ. ताईस,
उपेंद्रचा साष्टांग नमस्कार. गुडघ्याला तेल लावतेस ना? भाऊजींचा खोकला उतरला असेल. मी बरा आहे, म्हणजे सकाळी घशाशी कडू पाणी येतं तेवढं सोडून.

गेल्या महिन्यात तू सगळ्यांसमोर सांगितलंस, की इंदिरासारखी बायको गेली तरी मी रडलो नाही, ते दुःख पोटात साचलं आणि आता कडू होऊन वर येतंय. तेव्हा घराला कुलूप लावून मी सिन्नरला तुझ्याकडे राहायला यावं. तुझ्याशी वाद घालून मी आजवर जिंकलेलो नाही (भाऊजीही नाहीत). म्हणून मोजूनच घ्यायचं ठरवलं. पित्त निघालं, तर मी माझ्या घरात राहणार.

परवा तपासणी झाली. उपाशीपोटी गेलो. शिरेतून किरणोत्सर्गी औषधाची सुई दिली. हे औषध पित्ताबरोबर वाहतं आणि अंगावरचा कॅमेरा त्याचा माग काढतो. पित्त खाली आतड्यात उतरलं तर ठीक. उलटं जठरात चढलं तर पडद्यावर तिथेही ठिपके उमटतात. तोवर उताणं पडून राहायचं, हलायचं नाही. (सगळी नोकरी कचेरीत गेल्यामुळे हे अवघड वाटलं नाही.) मध्ये पित्ताशय आवळावं म्हणून सायीचं दूध पाजलं. निघताना तिथले तंत्रज्ञ विहंग म्हणाले, आजचा दिवस लहान मुलं आणि गरोदर बायकांपासून लांब राहा.

हे मी स्वयंपाकाच्या लताबाईंना सांगायला नको होतं (त्यांची सून तेजश्री गरोदर आहे). त्यांनी चहा उंबऱ्यावर ठेवला आणि लांबूनच विचारलं,
"साहेब, हे किरणांचं फिटतं कधी?"
"उद्या सकाळी."
"एकाच दिवसाचं? मग लांबच्या भाऊबंदाचं म्हणायचं!"
सकाळी त्यांनी मला डोक्यावरून अंघोळ करायला लावली, अंथरूण भिजवलं, गोमूत्र शिंपडलं, मगच स्वयंपाकघरात घेतलं. विहंगच्या सूचनांत आणि लताबाईंच्या सुतकात मला फारसा फरक सापडला नाही.

आज अहवाल मिळाला. पित्त जठरात येतं, असं चित्रासकट लिहिलंय. गोळ्या सुरू केल्या. दुःखाचा उल्लेख कुठेही नाही. तेव्हा कुलूप आणू नकोस.

तुझा,
उपेंद्र

ता. क. काही चित्रं पुन्हा घ्यावी लागली, हे लिहायचं राहिलं. उताणं पडून छत बघण्याखेरीज काम नव्हतं आणि मला रडू आलं. इंदिरा गेली तेव्हा घरी भेटायला येणाऱ्यांचं चहापाणी बघण्यात ते राहूनच गेलं होतं. विहंग म्हणाले, "काका, रडा हवं तेवढं, फक्त पोट हलवू नका." ते जमेना. शेवटी कॅमेरा थांबवून ते शेजारी बसून राहिले.

आणखी एक. सिन्नरला येणार नाही, हे कायम. तू मात्र इकडे ये, चार दिवस राहायलाच ये. भाऊजींना विचारून ये. नाही म्हणाले तरी ये.