हळदीकुंकवाचा फोटो

फ्रिस्को, रविवार संध्याकाळ

सासूबाईंना सांभाळायला येणारी मारिसोल मूळची क्यूबातली डॉक्टर. सरकारनं परदेशात कामाला पाठवलं, पासपोर्ट काढून घेतला. ती तिथून पळून इथे अमेरिकेत आली. लेक अजून क्यूबातच.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी तिला साडी नेसवली. फोटोच्या वेळी तिनं पदरानं तोंड झाकलं. "लाजतेस काय, हस ना!" मीच म्हटलं. हसली बिचारी. मग मंडळाच्या पेजवर मी तो टाकला, पूर्ण नावासकट. कौतुक दुसरं काय!

आज म्हणाली, "ताई, तिकडे सरकारनं लेकीला चौकशीला बोलावलं. तोच फोटो दाखवला. तिला आता देश सोडू देणार नाहीत."

फोटो काढून टाकला. आता काय उपयोग? तो पदर... तेव्हाही कळलं नाही मला?

माझं रडणं बघून तीच समजावत होती, "तुला कुठे माहीत होतं?"

माहीत होतं. तिनंच सांगितलं होतं.